संत्र्याच्या रसाची मागची बाजू

आई जाऊन तीन आठवडे झाले आणि धाकटी तिची वही न्यायला आली. न्यायला हे आपलं म्हणायचं. खरं तर ती पुरावा न्यायला आली होती. हे तिला ठाऊक होतं, दादाला ठाऊक होतं, आणि दार उघडणाऱ्या वहिनीला तर सगळ्यांत जास्त ठाऊक होतं.

"या वन्सं," वहिनी म्हणाली.

एरवी ती तिला ठकी म्हणायची, घरातल्या सगळ्यांसारखं. तिच्या तोंडून 'वन्सं' निघालं की आज वारं कुठून वाहतंय ते समजून घ्यायचं.

जेवणं नुकतीच आटोपली होती. दादा टेबलाशी बसून पाण्याचा पेला उगाच फिरवत होता. बहिणीकडे पाहून तो हसला, बायकोकडे पाहून हसू आवरलं, आणि मग चप्पल शोधायला लागला.

"मी जरा खाली जाऊन येतो. जेवण पचायला चाललेलं बरं."

"जा," वहिनी म्हणाली. "आमच्याकडे भांडण पानात वाढलं की यांना नेमकं चालायचं असतं."

दादा गेला. दोघी उरल्या, आणि टेबलावर वही.

वही म्हणायची, पण दिसायला ते पुस्तकच होतं. जाड पुठ्ठा, कापडी कणा, आतली शिवण अशी की पान कुठेही उघडा, सपाट पडावं. आईने एकतीस वर्षं पुस्तकबांधणीच्या कारखान्यात काढली होती. लोकांची पुस्तकं बांधता बांधता तिची बोटं टोकाला चपटी झाली होती. निवृत्तीच्या दिवशी तिने तिथून दोनच गोष्टी आणल्या: घडी दाबायची हाडाची पट्टी आणि खळ करायची सवय. बाजारच्या गोंदाला ती हात लावत नसे. "खळीनं चिकटवलेलं चुकलं तर वाफेवर धरून सोडवता येतं," ती म्हणायची. "गोंदानं चिकटवलेलं फाडावंच लागतं. आणि चुका काय, सगळ्यांच्याच होतात."

वहीत होती ती धाकटीची कार्डं.

धाकटी आहारतज्ज्ञ. सकाळी दवाखान्यात बसायची आणि दर गुरुवारी एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत तिचं एक कार्ड छापून यायचं. हाताच्या पंजाएवढा चौकोन, कडेने तुटक रेघ, कोपऱ्यात कात्रीचं चित्र. 'कापा आणि जपा.' प्रत्येक कार्डावर रोजच्या पिण्यातली एक गोष्ट. समोर त्याचे फायदे आणि कागद उलटला की बरोबर त्याच जागी, मागे, तोटे. ही कल्पना धाकटीचीच. छापखान्यातली माणसं सुरुवातीला वैतागली होती, कारण दोन्ही बाजू जुळवून आणायच्या म्हणजे डोकेदुखी. पण ती हटली नाही. "औषधाच्या बाटलीवर असतो तसा मुंगीच्या अक्षरातला इशारा मला नको," ती म्हणाली होती. "फायद्याला जेवढी जागा, तेवढीच तोट्याला." या गोष्टीचा तिला अभिमान होता. चारचौघांत ती सांगायची.

आई दर गुरुवारी कार्ड कापायची, पुढून वाचायची, मागून वाचायची आणि मग वहीत चिकटवायची. चिकटवलं की मागची बाजू गाडली जाणार, हे बांधणीतल्या बाईला कुणी सांगायला नको. म्हणून ती कार्डाखाली पेन्सिलीने एक ओळ लिहायची. मागच्या बाजूचा सारांश, आणि कधी स्वतःची पुस्ती. मग तेच घरात लागू व्हायचं. दवाखान्यातला डॉक्टर एक सांगो, दोन सांगो. या घरात कायदा गुरुवारी निघायचा.

धाकटीने पानं उलटायला सुरुवात केली. वहिनी समोर उभी राहिली, हात पदराला पुसत, ते कोरडे असूनही.

चहा. समोर: तरतरी येते, थकवा जातो, मधल्या वेळी दोन कप चालतात. खाली आईची पेन्सिल: 'जेवणावर लगेच नको, अन्नातलं लोह फुकट जातं. तासभर थांबणे. (दादाला सांगणे. ऐकणार नाही.)'

कॉफी: 'दुपारनंतर नको, झोप उडते. (मला तशीही कुठे लागते.)'

दूध: 'काहींना पचत नाही, पोट फुगतं. सुनेला विचारणे.'

लिंबूपाणी: 'आंबटाने दात झिजतात. नळीने प्यावे. या वयात नळी! लोक म्हणतील म्हातारीला बाळपण आलं.'

धाकटीला हसू आलं. तिने पान उलटलं.

पाणी. समोर तिने स्वतःच लिहिलं होतं, दिवसभरात थोडं थोडं प्या, तहान लागायची वाट पाहू नका. खाली पेन्सिल: 'किडनीवाल्यांनी डॉक्टर सांगतील तेवढंच, मोजून. (ही मीच.)'

आईच्या किडन्या दोन वर्षांपासून थकल्या होत्या. गोळ्या चालू होत्या, मीठ कमी होतं, पाण्याची बाटली खुणा करून भरली जायची. धाकटी रविवारी फोन करायची. "तब्येत?" विचारलं की आई म्हणायची, "सगळं तुझ्या वहीप्रमाणे चाललंय." ते ऐकून धाकटीला इतकं बरं वाटायचं, की पुढे काही विचारायचं तिला सुचायचंच नाही.

पुढचं पान संत्र्याच्या रसाचं.

समोर: 'क जीवनसत्त्वाचा साठा. सर्दी-पडशात उपयोगी. तोंडाला चव आणतो.' सगळं तिचंच. खाली आईची पेन्सिल, जरा दाबून, ठसठशीत: 'तोटा काही नाही. रोज दोन पेले.'

"हे बघ," धाकटी म्हणाली. तिचा आवाज शांत होता. हा शांतपणा तिने येताना वाटभर घोटून आणला होता. "तोटा काही नाही. आई असं का लिहील? मागे मी काय लिहिलंय ते मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. 'साखर बरीच, चोथा नाही. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाला धोका होऊ शकतो.' माझ्या कॉम्प्युटरवर आहे ते. तारखेसकट."

"असेल."

"असेल नाही, आहे. आईला शेवटी शेवटी बारीक अक्षर दिसत नव्हतं. कार्डं तू वाचून दाखवायचीस ना?"

"कधी कधी."

"मग हे काय वाचलंस?"

वहिनी काही बोलली नाही. आईला ठेवलं होतं त्या दवाखान्यातही ती अशीच बोलली नव्हती. तिथे व्हरांड्यात डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, रक्तातलं पोटॅशियम फार चढलंय, आहारात काय होतं? वहिनी म्हणाली, "रोज दोन पेले संत्र्याचा रस." आणि धाकटीच्या तोंडून, पंधरा नातेवाइकांच्या देखत, निघून गेलं: "विष पाजलंस तू तिला. रोज दोन पेले विष." वहिनीने तोंड उघडलं होतं. मग मिटलं. डॉक्टर म्हणाले होते, एकट्या रसावर खापर फोडता येणार नाही, किडन्या मुळात थकलेल्याच होत्या. रसाने फक्त घाई केली. पण डॉक्टरांचं वाक्य लांब होतं आणि धाकटीचं आखूड. लोकांच्या लक्षात आखूड वाक्य राहिलं. आई दुसऱ्या दिवशी पहाटे गेली. त्यानंतर या घरी भेटायला येणारी माणसं वहिनीच्या हातचं पाणी घेताना पेल्यात एकदा बघून घ्यायची.

"मी हे कार्ड सोडवणार आहे," धाकटी म्हणाली. "इथेच. तुझ्यासमोर. मागचं तू मला वाचून दाखव, मोठ्यानं."

"ठकी," वहिनी म्हणाली. वन्सं गेलं होतं. "ते उघडू नकोस."

"का?"

"मी सांगते म्हणून."

"घाबरलीस?"

"हो," वहिनी म्हणाली. "पण माझ्यासाठी नाही."

धाकटीने हे ऐकलं, पण ऐकलं ते माणूस दुसऱ्याचं खोटं ऐकतो तसं. ती उठली. किटली कुठे असते ते तिला माहीत होतं. पाणी भरून तिने ती गॅसवर ठेवली आणि आईच्या कपाटातून हाडाची पट्टी काढून आणली. पट्टी हाताळून गुळगुळीत झाली होती, अंगठ्याच्या जागी खळगा पडला होता. धाकटीचा अंगठा त्यात नीट बसला नाही.

पाणी उकळलं. तोटीतून वाफेचा झोत निघाला. तिने वही तिरकी धरली, ते एकच पान वाफेपुढे. घाई करायची नाही, हे तिला लहानपणीच शिकवलं गेलं होतं. कागद ओला नाही, दमट व्हायला हवा. कोपरा आपणहून मान वर करतो. मग पट्टी सपाट घालायची, उचलायची नाही, सरकवायची. आई पानावर ओणवून सांगायची: "त्याला कळू द्यायचं नाही की आपण त्याला काढतोय."

कोपऱ्याने मान वर केली. पट्टी आत गेली. कार्ड अर्धं सुटलं, पाऊण सुटलं, आणि एक हलकासा चर्र आवाज करून अख्खं हातात आलं. धाकटीने ते उलटलं.

मागे सोललेलं संत्रं होतं. शेजारी एक बाटली, बाटलीवर पाण्याचे टपोरे थेंब. वर मोठी अक्षरं: 'निसर्गाचा घोट. आता घरपोच.' त्याखाली फोन नंबर.

बाकी काही नव्हतं.

तिने पुन्हा समोरची बाजू पाहिली, पुन्हा मागची. कार्ड तेच होतं. वाफेने तिच्या मनगटाला चटका बसला तेव्हा कुठे तिने हात मागे घेतला.

आणि मग तिला तो फोन आठवला. इतका साधा फोन, की तो आठवायला काही कारणच नव्हतं. ती केस कापून घ्यायला गेली होती. मान मागे, डोकं बेसिनमध्ये, कानात पाणी. पुरवणीचा संपादक म्हणाला, "मॅडम, या गुरुवारी तुमच्या मागच्या बाजूला जाहिरात आलीय हो. तोटे पुढच्या खेपेला दोन्हींचे एकत्र घालू, चालेल?" ती म्हणाली, "चालेल." पुढच्या गुरुवारी ताक आलं आणि त्याचेच तोटे जेमतेम मावले. संत्र्याचे राहून गेले. तिने लिहिले होते, पाठवले होते, म्हणून तिच्या लेखी ते छापलेही गेले होते. आपलं कार्ड तिने कधी कापून पाहिलं नाही. ते काम करायला आई होती.

वहिनीने गॅस बारीक केला. स्टूल ओढून बसली. आता तिला उभं राहायची गरज उरली नव्हती.

"कापून मीच दिलं होतं," ती म्हणाली. "आईंचा हात थरथरायचा. त्यांनी उलटून बघितलं, दोनदा. भिंगही लावलं. मग मला म्हणतात, मागं काही नाही गं, नुसतं चित्र आहे. मी म्हटलं, ठकीला फोन लावू का, विचारून घेऊ. म्हणाल्या, ती कामात असते, एवढ्यासाठी कशाला. म्हणाल्या, तोटा असता तर तिनं तिथे जाहिरात घालू दिली असती होय? माझी लेक आहे ती."

धाकटीने खुर्चीची पाठ धरली.

"मी आठवण केली, डॉक्टर फळं जपून म्हणालेत. तर म्हणाल्या, फळं म्हणाले, रस म्हणाले नाहीत. तुला माहितीये त्यांचं. कायद्यातून पळवाट काढायच्या आणि मग त्यालाच कायदा म्हणायच्या. बरं, रस त्यांना आवडायचाही. दोन वर्षं सगळं मोजून मापून. एक गोष्ट पोटभर मिळाली तर मी नाही म्हणू?" तिने पदर सारखा केला. "म्हणायला हवं होतं. तेवढं माझं आहे. ते मी कुणाच्या अंगावर टाकत नाही."

"मग दवाखान्यात का नाही बोललीस?" धाकटीचा आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "मी एवढं बोलले. तू तिथल्या तिथे का नाही सांगितलंस?"

"दार अर्धं उघडं होतं."

"कुठलं दार?"

"आईंच्या खोलीचं. त्या शुद्धीवर होत्या, ठकी. त्यांच्या कानावर काय घालू? तुमच्या लेकीनं जाहिरात घालू दिली म्हणून?"

बाहेर जिन्यावरून कुणीतरी बादली आपटत नेली. आवाज खाली खाली जात विरला.

"म्हणजे तिनं ऐकलं," धाकटी म्हणाली. "मी तुला विष म्हणाले ते."

"ऐकलं."

"काय म्हणाली?"

"मी आत गेले तेव्हा माझा हात धरला. म्हणाल्या काही नाहीत. बोलायचं त्राण नव्हतं की बोलायचं नव्हतं, मला नाही कळलं. मी पण विचारलं नाही."

धाकटी बसली. कार्ड अजून तिच्या हातात होतं, दमट, कडा वळायला लागलेल्या. ती म्हणाली, "वहिनी, मी तुझी..."

"नको," वहिनी म्हणाली. "माफी मागू नकोस. तू मागितलीस की मला द्यावी लागेल, आणि माझ्याकडे आत्ता नाहीये."

"मग मी काय करू?"

"जिथे सांडलंस तिथे पुस. मावशींना फोन कर."

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. त्या दिवशी व्हरांड्यात ती पुढेच उभी होती, आणि ते आखूड वाक्य तिनेच घरोघर पोचवलं होतं. आपल्याकडून त्यात थोडी भर घालून. ताईला सुनेनं रसाचं व्यसनच लावलं होतं म्हणे. धाकटीने फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर, वहीशेजारी ठेवला. वहिनीने ऐकावं म्हणून. न सांगता तेवढं तरी तिला सुचलं.

"मावशी, मी ठकी."

"बोल गं बाळ. जेवलीस का?"

"मावशी, ऐक. चूक वहिनीची नव्हती. माझी होती. त्या कार्डावर मी तोटे छापू दिले नाहीत. त्या जागी जाहिरात होती. आईनं ते वाचलं, तोटा नाही असं समजली, म्हणून रस घेत राहिली. वहिनी मला फोन करून विचारू म्हणत होती. आईनंच ऐकलं नाही."

पलीकडून मावशीचा उसासा आला, लांब, मायेचा.

"केवढं गं मन तुझं," मावशी म्हणाली. "अगदी ताईवर गेलीस. दुसऱ्याचं पाप आपल्या डोक्यावर घेतेस."

"मावशी, मी खरं सांगतेय. माझ्या हातात आहे ते कार्ड."

"असू दे गं. घर टिकलं पाहिजे, दादाचा संसार आहे, कळतं मला. पण मला नको शिकवूस. माझे केस काय उन्हानं पांढरे झाले?" मग आवाज खाली आला. "ती शेजारी बसलीय ना? तिनंच फोन करायला लावला ना तुला?"

धाकटीने वहिनीकडे पाहिलं. वहिनी फोनकडे पाहत होती.

"बसलीय," धाकटी म्हणाली. "पण तसं नाही..."

"झालं तर मग," मावशी म्हणाली. "जप स्वतःला. आणि तिथे काही खाऊ-पिऊ नकोस."

फोन बंद झाला. वहिनी एकदा हसली, नाकातून, आवाज न करता. मग तिने उठून ओट्यावरच्या वाटीत दोन चमचे कणीक घेतली, पाणी घातलं, मंद आचेवर ढवळू लागली. गुठळी न होऊ देता, आई करायची तशी. खळ झाली. वाटी तिने धाकटीपुढे ठेवली.

"पान उघडं ठेवू नकोस," ती म्हणाली. "त्यांची वही आहे."

धाकटीने कार्डाला खळ लावली. फायद्यांवर लावली. कार्ड उलटं ठेवलं, संत्रं आणि बाटली वर, आणि मधून कडेकडे पट्टी फिरवत दाबलं, एकही बुडबुडा राहू न देता. आईची पेन्सिलीची ओळ होती तिथेच राहिली, चित्राखाली.

"उलटं बसवलंस," वहिनी म्हणाली.

"हो."

वहिनीने वही मिटण्याआधी पानावर एक कोरा कागद ठेवला, खळ वाळेपर्यंत पुढचं पान चिकटू नये म्हणून. हेही आईचंच.

दाराशी चपला वाजल्या. दादा आत आला, एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं, आणि दोघींपैकी कुणाच्याच चेहऱ्यावरून निकाल लागेना तेव्हा त्याची नजर गॅसवरच्या किटलीवर गेली. पाणी अजून वाफाळत होतं.

"आधण आहेच तर चहा टाक की घोटभर."

"जेवून तास झाला का?" वहिनी म्हणाली. तिने किटलीखालचा गॅस बंद केला. "कार्डावर लिहिलंय."